पोटाच्या मॅडम

डॉक्टरांना एकच वाईट खोड होती: ते परिषदांना जात आणि तिथली भाषणं ऐकत. बाकी माणूस सोन्यासारखा. मुलांचे डॉक्टर, हात हलका, निदान चोख, चौकात कुणालाही विचारा. पण इतर डॉक्टर परिषदेला कशाला जातात? जेवायला, फुकटची पिशवी मिळवायला आणि आपल्या वर्गातले कोण कोण टकले झाले ते बघायला. आपले डॉक्टर पहिल्या रांगेत बसत, मान डोलावत आणि घरी येऊन ऐकलेलं अमलात आणत. एकदा हात धुण्यावरचं भाषण ऐकून आले आणि त्यांनी दवाखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. पोस्टमन तेव्हापासून जिन्यातूनच टपाल भिरकावतो. हृदयविकारावरचं भाषण ऐकलं तेव्हा जागच्या जागी चालवायची सायकल घेऊन आले. तिच्यावर दोनदा बसले. मग तिच्यावर टॉवेल बसले.

या वेळी ते परतले तेव्हा डोळ्यांत तीच चमक होती. बायकोने ओळखलं. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे पुढचं उत्तर तिला आधीच दिसायचं.

"या वेळी काय आणायचंय?" तिने विचारलं.

"मानसतज्ज्ञ," डॉक्टर म्हणाले.

भाषण असं होतं म्हणे: मुलांच्या साध्या, रोजच्या दवाखान्यात मुलांच्या डॉक्टरशेजारी मानसतज्ज्ञ बसलाच पाहिजे. शेजारी म्हणजे बाजूच्या खोलीत, हाक मारली की ऐकू येईल इतका. नाहीतर आपण चिठ्ठी देतो, अमुक हॉस्पिटलात तमुक मजल्यावर जा म्हणतो, आणि आईबाप ती चिठ्ठी जिन्यातच फाडतात. निम्म्या पोटदुख्या पोटाच्या नसतातच, अर्ध्या डोकेदुख्या डोक्याच्या नसतात, आणि आपण आपले सरबतासारखी औषधं पाजत बसतो.

हे ऐकताना डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे गोटी उभी राहिली होती. गोटी म्हणजे त्यांच्या हातात वाढलेली आठ वर्षांची पोर. जन्मली तेव्हाच इतकी वाटोळी होती की डॉक्टरांनीच हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तर या गोटीचं रोज सकाळी पोट दुखायचं. शाळेचा गणवेश बघितला की कळ यायची, शाळा भरून गेली की थांबायची. रक्त तपासलं, लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. सगळं स्वच्छ. आणि शाळा बुडतेय ती बुडतेच आहे. मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं की असंच चाललं तर पोरीला याच वर्गात पुन्हा बसवावं लागेल. डॉक्टरांनी दोन वेळा चिठ्ठी दिली होती. दोन्ही चिठ्ठ्यांचं काय झालं, हे जिना झाडणाऱ्या बाईला विचारावं.

"ती पोर पुन्हा शाळेत गेली पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "त्यासाठी वाट्टेल ते करीन."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

मानसतज्ज्ञ मिळायला अडचण आली नाही. एक तरतरीत, कमी बोलणाऱ्या बाई लगेच यायला तयार झाल्या. घोडं अडलं ते खोलीपाशी. दवाखान्याच्या मागे एक खोली होती, तिच्यात मोडका वजनकाटा, औषध कंपन्यांची कॅलेंडरं आणि ती सायकल होती. सायकल खाली न्यायची ठरली. डॉक्टर पुढून, औषधवाला मागून. औषधवाला म्हणजे तळमजल्यावरचा दुकानदार, स्वभावाने मदत करणारा आणि सल्ला दिल्याशिवाय मदत न करणारा. "डावीकडे घ्या, डावीकडे घ्या" करत त्याने सायकल जिन्याच्या वळणावर अशी काही बसवली की ती वरही जाईना, खालीही येईना. तिच्या पलीकडे वरच्या मजल्यावरचे पेन्शनरकाका अडकले. ते फिरायला निघाले होते. सुतार येऊन कठडा कापेपर्यंत ते तिथेच उभे राहिले आणि तेवढ्या वेळात त्यांनी डॉक्टरांविषयीचं आपलं मत कायमचं ठरवलं.

मग रंग. जो येईल तो रंगाचा तज्ज्ञ. एक आजोबा म्हणाले पिवळा, पिवळ्याने भूक लागते. एका आईने सांगितलं निळा, निळ्याने मुलं झोपतात. "मला मुलं जागी हवी आहेत हो!" डॉक्टर कळवळून म्हणाले. शेवटी रंगाऱ्याकडे दुसऱ्या कुणाचा तरी उरलेला हिरवा होता, तो लागला.

पण खरी मेख बोर्डाची होती.

"एक ऐकाल का?" औषधवाला दबक्या आवाजात म्हणाला. "बोर्डावर 'मानस' काही लिहू नका. लोकांना वाटेल आपल्या पोराला वेडं ठरवतायत. तुमच्याकडे यायचे बंद होतील आणि पाठोपाठ माझ्याकडे."

"सरळ खरं लिहा," बायको म्हणाली. "आणि लोकांना समजावून सांगा. तुम्हाला बोलायला तर आवडतं."

डॉक्टरांनी बायकोचंच ऐकायचं ठरवलं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. मॅडम रुजू झाल्या त्या सकाळी गोटी आणि तिची आई आल्या. डॉक्टरांनी गोटीचं पोट चाचपलं, चष्मा काढला, घसा खाकरला. "हे बघा, आता आपल्याकडे एक मानस..." म्हणाले, आणि गोटीच्या आईचा चेहरा बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ती अर्धी उठली होती. पर्स खांद्याला लागली होती. एक हात गोटीच्या दंडावर होता. ही आता गेली, आणि हिच्याबरोबर गोटीची शाळाही गेली.

"पोटाच्या मॅडम आहेत," डॉक्टर म्हणाले. "पोटाच्या! खास मुलांच्या पोटाच्या. औषध नाही, सुई नाही, नुसते व्यायाम."

गोटीची आई खाली बसली. डॉक्टरांना घाम फुटला होता. पण आता तीर सुटला होता. त्यांनी गोटीचा हात धरून तिला मागच्या खोलीपर्यंत पोचवलं आणि मॅडमना दाराबाहेर बोलावून घडलेलं सांगितलं.

"मी कुणाशी खोटं बोलत नाही, डॉक्टर," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मुलांशी तर नाहीच नाही."

"तुम्हाला कोण बोलायला सांगतंय? ते सगळं मी बघतो. तुम्ही फक्त तुमचं काम करा."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंडाला चॉकलेट माखलेलं पोर 'मी नाही खाल्लं' म्हणतं, तेव्हा आपण बघतो तसं. मग त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून गोटीच्या आईलाही बोलावणं आलं.

झालं. एकदा थाप मारली की तिला घर बांधून द्यावं लागतं. पेंटरने बोर्ड रंगवला: 'बालपोट मार्गदर्शन कक्ष'. आणि स्वतःच्या हौसेने खाली एक हसरं पोट काढलं, मधोमध बेंबी. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, पण रंग वाळला होता.

आता डॉक्टरांच्या मानापमानाकडे वळायला हवं, कारण ते स्वतः दिवसभर तिकडेच वळत होते. इतकी वर्षं मुलं त्यांना बघून भोकाड पसरत आली होती आणि त्यांनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. धंद्याचा भागच तो. पण आता तीच मुलं मागच्या खोलीत उड्या मारत जायची आणि बाहेर यायला तयार नसायची. आतून हसण्याचे आवाज यायचे. एका चिमुरडीने तर तपासताना आईला स्पष्ट विचारलं, "हे काका कधी संपणार?"

डॉक्टरांनी हाय खाल्ली. 'बघू तरी, बाई करते काय' म्हणून एकदा ते मॅडमच्या खोलीत शिरले आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले. गप्पा छान झाल्या. उठायला गेले तर खुर्चीही उठली. मॅडमनी खुर्ची धरली, डॉक्टरांनी टेबल धरलं, आणि दारात उभी असलेली चार मुलं टाळ्या वाजवत होती. खुर्ची निघाली, पण मुलांच्या डॉक्टरांची मुलांमधली उरलीसुरली पत तिच्यातच राहिली.

हे सगळं ते गिळत होते, कारण गोटी शाळेत जायला लागली होती. आधी फाटकापर्यंत, मग एका तासापुरती, मग मधल्या सुट्टीपर्यंत. पूर्ण दिवस अजून व्हायचा होता, पण सोमवारपासून तोही करून बघायचं ठरलं होतं. डॉक्टरांना आनंदाने रडू यायचं आणि पाठोपाठ भीतीने पोटात गोळा यायचा: गोटीच्या आईला कळलं तर? एवढ्या कष्टाने फाटकाच्या आत गेलेली पोर पुन्हा घरी बसेल. म्हणून ते डोळ्यांत तेल घालून पहारा करायचे. काउंटरवर नंबर पुकारणाऱ्या नंबरबाईंना त्यांनी ताकीद दिली होती की तोंडातून 'मानस' बाहेर पडता कामा नये. गोटीची आई दिसली की ते हातातलं पोर सोडून बाहेर यायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, "काय म्हणतायत पोटाचे व्यायाम? आतडी मोकळी झाली ना?"

"हो, डॉक्टर," ती खाली बघत म्हणायची. "फारच मोकळी झाली."

मॅडम अधूनमधून यायच्या. "डॉक्टर, गोटीच्या आईबद्दल जरा बोलायचं होतं."

"तिला काही कळता कामा नये!" डॉक्टर कुजबुजायचे आणि दुसऱ्या खोलीत पळायचे.

इकडे बोर्डाने आपलं काम सुरू केलं होतं. हसरं पोट रस्त्यावरून दिसायचं. आधी एका आजीबाई आल्या, नातवाला घेऊन, पण तक्रार आजीबाईंचीच निघाली. मग त्यांच्या मैत्रिणी आल्या. मग समोरच्या बँकेतला कॅशियर जेवणाच्या सुट्टीत ढेकर देत आला. मुलांच्या दवाखान्यात बुटक्या बाकांवर पोटं धरून बसलेल्या मोठ्या माणसांची रांग लागली. औषधवाला खूश होता. नंबरबाईंच्या नाकी नऊ आले. आणि एके दिवशी चक्क पेन्शनरकाका आले, सायकल विसरून, गॅसेसच्या दुखण्याने गांजून.

ते मॅडमच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लालभडक झाला होता. कुणाशी एक शब्द न बोलता ते जिना उतरले. वरच्या मजल्यावर राहणारा माणूस खाली का उतरला, याचा डॉक्टरांनी तेव्हाच विचार करायला हवा होता.

ते आरोग्य खात्याच्या कचेरीत गेले होते.

सोमवार उजाडला. गोटीचा पूर्ण दिवसाचा सोमवार. शाळेत जाण्यापूर्वी पाच मिनिटं मॅडमना भेटायला ती गणवेश घालून आली होती, आई शेजारी होती. बाक भरले होते. तेवढ्यात काखेत फाईल मारून एक सडपातळ गृहस्थ आत आले आणि त्यांच्यामागून पेन्शनरकाका.

"मी आरोग्य खात्याकडून आलोय," गृहस्थ म्हणाले. "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे."

डॉक्टर घाबरले. घाबरला की माणूस सवयीचं काम करतो. त्यांनी साहेबांना खांद्याला धरून वजनकाट्यावर उभं केलं, "आ करा बघू" म्हणाले, आणि साहेबांनीही घोळात आ केला. जीभ स्वच्छ होती.

"अहो, हे काय चालवलंय?" साहेब काट्यावरून उतरले. "बाहेर पोटाचा बोर्ड आहे. आत पोटाच्या तज्ज्ञ म्हणून कुणी बाई बसतात. आणि त्या बाई या गृहस्थांना स्वतःच सांगतात की मी पोटाची डॉक्टर नाही!"

"तोंडावर सांगितलं!" पेन्शनरकाका गरजले. "म्हणे, तुम्ही गॅसेससाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जा!"

"तेव्हा आता सरळ सांगा," साहेब म्हणाले. "पोटाच्या तज्ज्ञ असतील तर पदवी दाखवा. नसतील तर त्या कोण आहेत ते सांगा. काहीच सांगणार नसाल तर ही खोली मी आत्ता बंद करतो."

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, पण डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ही थाप त्यांची होती. निस्तरायचीही त्यांनीच.

त्यांनी गोटीकडे पाहिलं. तिच्या पाठीवर दप्तर होतं, वेणीला रिबीन होती, बूट चकचकीत होते. खोटं बोललो तर खोली बंद, आतल्या साऱ्या पोरांचं हसणं बंद. खरं बोललो तर बाकीची पोरं वाचतील, पण ही एक जाईल. हीच एक, जिच्यासाठी सगळा खटाटोप केला. त्यांना तिथल्या तिथे रडावंसं वाटलं.

"त्या मानसतज्ज्ञ आहेत," ते म्हणाले. आवाज फुटेना म्हणून पुन्हा म्हणाले, आणि आता तो भलताच मोठा फुटला. "मा-न-स-त-ज्ज्ञ! पदवी आहे, नोंदणी आहे, सगळं आहे. पोटाचं मी बनवलं. खोटं मी बोललो. त्यांचा काही दोष नाही."

डॉक्टर गोटीच्या आईच्या उठण्याची वाट बघत राहिले.

ती उठली. पुढे आली. आणि तिने आपली खुर्ची डॉक्टरांकडे सरकवली.

"बसा आधी," ती म्हणाली. "किती घामाघूम झालात. अहो, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दार लावून, समोर बसवून. मी निघालेच होते खरं तर. पण गोटी म्हणाली, आई थांब ना, या माझं ऐकतायत." तिने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "मागे मला अचानक हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. ही शाळेतून आली तर घराला कुलूप. तेव्हापासून हिला वाटायचं, आपण शाळेत गेलो की आईला काहीतरी होतं. इतकं साधं होतं, आणि आई असून मला कळलं नाही. ते मॅडमनी हिच्याकडून काढून घेतलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? तुम्ही इतक्या हौसेने आतड्यांची चौकशी करायचात. तुमचं मन कोण मोडणार?"

"आम्हालाही सांगितलं होतं त्यांनी," जुळी पोरं घेऊन कोपऱ्यात बसलेला एक बाप म्हणाला.

"आम्हालाही," त्याच्या शेजारची आई म्हणाली.

"मला तर पहिल्या तासात कळलं," नंबरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. इतका केविलवाणा चेहरा त्या खोलीत कुठल्या पोराचाही झाला नव्हता.

"मी सांगायला आले की तुम्ही पळून जायचात," मॅडम म्हणाल्या. "मग म्हटलं, ओढून-ताणून उपयोग नाही. तुम्ही विचाराल तेव्हा सांगू. आईबापांनाही मी हेच सांगितलं, डॉक्टरांना जरा वेळ द्या."

म्हणजे या दवाखान्यात इतके दिवस एका पेशंटवर उपचार चालू होते आणि फक्त त्या पेशंटलाच पत्ता नव्हता! डॉक्टरांना हसावं की जमिनीत गडप व्हावं, कळेना. साहेबांनी फाईल मिटली आणि बोर्ड आठवड्याच्या आत बदला, एवढं बजावलं. पेन्शनरकाकांचा राग अर्ध्यावरच लटकला होता. त्यांनी "आणि माझ्या गॅसेसचं काय?" असं विचारून बघितलं, तेव्हा औषधवाला त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेला.

गोटी मात्र तिथेच उभी होती, दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरून. ती डॉक्टरांच्या खुर्चीजवळ आली आणि तिने त्यांच्याकडे नीट बघितलं.

"डॉक्टरकाका, तुमचं पोट दुखतंय का?"

डॉक्टर 'नाही' म्हणणार होते. पण आज खोटं बोलायची ताकद संपली होती. "हो गं," ते म्हणाले. "दुखतंय खरं."

"इथे, मधोमध?"

"मधोमध."

"मग ते घाबरल्याचं आहे," गोटी म्हणाली. "दुखतं खरंखरं, पण असतं घाबरल्याचं. कशाला घाबरलो ते मोठ्याने सांगायचं. मग कमी होतं."

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. बाकांवरचे सगळे बघत होते. साहेब दारात थबकले होते.

"तू आता पुन्हा यायची नाहीस, असं वाटलं," डॉक्टर म्हणाले. "त्यालाच घाबरलो होतो."

"येणार की!" गोटी म्हणाली. "पण मॅडमकडे. तुमच्याकडे सुई असते."

एवढं सांगून ती मॅडमना हाताला धरून मागच्या खोलीत पळाली आणि तिने दार लावून घेतलं.